बारकोड

म्हापशाला गेले होते ती माटोळीचं सामान आणायला.
कांगणं, कवंडाळं, सुपारीचं शिपटं, मिळालं तर एक तोरिंग.
आले ती कॉम्प्युटर घेऊन.

दुकानाच्या दाराला केळीचे गभे बांधलेले,
वर फलक : चवथीची महाबचत.
किमतीवर काट, काटेखाली दुसरी किंमत,
तिच्यावरही काट.
माझी पाचवीतली गणिताची वही अशीच दिसायची.

क्लिफर्ड नावाचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र उलटं.
"बाय, हें व्हर. फाल्यां मेळचें ना."
उद्या मिळणार होतं, परवाही मिळणार होतं,
त्याला ठाऊक, मला ठाऊक.
पण "फाल्यां मेळचें ना" कुणी म्हटलं
की माझा हात आपोआप पर्सकडे जातो,
समोर विसवण असो
नाहीतर बेचाळीस हजार नऊशे नव्वद.

जुना आणून दिला तर पंधराशे कमी.
"चलता मूं?"
चालतो, म्हटलं.
मग खोटं बोलवेना : सकाळी चालतो.

अँटिव्हायरस दोन वर्षं फुकट,
ऑफिस एक वर्ष फुकट,
माऊस फुकट, माऊसखालची चटईही.
आणि मराठी?
"मराठी भितरच आसता," तो म्हणाला.

असतं आत. खरं आहे.
पण साखळीच्या बसस्टँडमागच्या माझ्या दुकानात
एकोणीस वर्षांच्या लग्नपत्रिका,
बाराव्याची कार्डं, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं
आहेत जुन्या फॉन्टात.
नव्यावर पहिलं हँडबिल उघडलं
तर श्री सातेरी प्रसन्नच्या जागी
डॉलर, टक्का, दोन उद्गारचिन्हं
आणि एक कंस, जो कुठेच मिटत नव्हता.
नायकाच्या नावाचं तर नुसतं गणित झालेलं.
पंधराशे गेले तर जाऊ देत.
जुना मी टेबलाखाली सरकवला. दिला नाही.

राहिले चार हजार. ते परत मिळणार होते.
फॉर्म भरा, बिलाची प्रत लावा,
आणि खोक्याचा बारकोड कापून पाठवा,
मूळ, झेरॉक्स नव्हे,
वीस तारखेच्या आत.

खोकं?

खोक्याचा उल्हासभावोजींनी कैलास केला होता.
चुन्यात नीळ कालवून डोंगर, शिखरावर कापूस,
ज्या बाजूला छत्री आणि पेला छापलेला असतो
ती बाजू गणपतीच्या बरोबर मागे.
प्रतिष्ठापना होऊन दोन तास झालेले.
मी ब्लेड घेऊन उभी.
भावोजी एवढंच म्हणाले,
"देव उठल्याशिवाय नाही हं वहिनी."

आमचा गणपती एकवीस तारखेपर्यंत.

रोज आरतीला सगळे देवाच्या तोंडाकडे बघत,
मी त्याच्या डाव्या खांद्यामागे,
निळ्यातून किंचित दिसणाऱ्या काळ्या रेघांकडे.
जाऊबाईंना वाटलं, यंदा हिचं ध्यान लागतंय.
मला वाटलं, तो सगळं बघतोय
आणि मुद्दाम जरा डावीकडे सरकून बसलाय.
एका रात्री समई विझू आली तशी
मी तेल घालायला उठले,
ब्लेड पदरात होतं, हेही सांगते.
तेल घातलं. परत आले.

एकवीसला वाळवंटीत विसर्जन.
घरी येऊन ओल्या साडीतच कैलास सोडवला.
बारकोड निघाला, एका टोकाला नीळ लागलेला,
कापसाचे दोन तंतू अजून चिकटलेले.

फॉर्मवर शेवटी एक रकाना होता :
विलंब झाल्यास कारण.
पेन बराच वेळ तसंच धरलं.
मग लिहिलं, देव घरी होते,
आणि खाली दुकानाचा शिक्का मारला.

पोस्टात वजन केलं, बावीस रुपये.
पावती जपून ठेवली आहे.
कार्तिक लागला, जत्रांची हँडबिलं सुरू झाली,
ती अजून जुन्यावरच करते,
सकाळी सकाळी,
तो चालतो तोवर.